क्षितिज हरवलेली रात्र: क्लिअर लेकचा विमान अपघात आणि ‘संभाव्य कारण’

१/ ३ फेब्रुवारी १९५९. अमेरिकेतील आयोवा राज्यातील मेसन सिटीच्या विमानतळावरून रात्री १२.५५ च्या सुमारास चार आसनांचे एक लहान विमान उडाले आणि काही मिनिटांतच, विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत, बर्फाने झाकलेल्या शेतात कोसळले. चौघेही जागीच ठार झाले. विमानाचे इंजिन शेवटपर्यंत चालू होते आणि सांगाड्यात कोणताही दोष आढळला नाही. मग ते पडले कशामुळे?

२/ प्रवासी तिघे होते आणि तिघेही त्या काळच्या रॉक अँड रोल संगीतातील लोकप्रिय गायक होते: २२ वर्षांचा बडी हॉली, १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स आणि २८ वर्षांचा जे. पी. रिचर्डसन. त्यामुळे हा अपघात संगीताच्या इतिहासात अजरामर झाला. डॉन मॅक्लीनच्या ‘अमेरिकन पाय’ या १९७१ मधील गीताने त्याची आठवण पुढच्या पिढ्यांपर्यंत नेली. चौथे नाव मात्र बहुतेकांच्या स्मरणात नसते. ते वैमानिकाचे, रॉजर पीटरसनचे. त्याचे वय होते २१.

३/ तिघे विमानात बसले ते थंडीला कंटाळून. २३ जानेवारीपासून या गायकांचा दौरा सुरू होता. ऐन हिवाळ्यात, रोज नव्या गावी, जुन्या बसमधून. बस वारंवार बंद पडत आणि त्यांतील उष्णतेची व्यवस्थाही निकामी होई. एका ढोलवादकाच्या पायांना हिमदंश झाल्याने त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. २ फेब्रुवारीचा कार्यक्रम क्लिअर लेक येथील सर्फ बॉलरूममध्ये झाला. पुढचा मुक्काम होता मिनेसोटातील मूरहेड, म्हणजे बसने आणखी एक गोठवणारी रात्र.

४/ हॉलीने मूरहेडशेजारच्या फार्गोपर्यंत विमान ठरवले. भाडे माणशी ३६ डॉलर. हॉलीच्या वाद्यवृंदातील वेलन जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या रिचर्डसनला दिली. टॉमी ऑलसपने नाणेफेकीत ती व्हॅलेन्सपुढे गमावली. दैवाची ही दोन वळणे सर्वांना पाठ आहेत. अपघाताचा उलगडा मात्र नाणेफेकीत सापडत नाही. तो विमानाच्या उपकरणफलकावर आणि मानवी कानाच्या आत शोधावा लागतो.

५/ विमान होते १९४७ साली बांधलेले बीचक्राफ्ट बोनान्झा. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी शेपटी असलेले, वेगवान आणि त्या काळी नावाजलेले. पीटरसनला एकूण ७११ तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता आणि त्यांपैकी १२८ तास बोनान्झावरचे होते. तो नवशिका नव्हता. उणीव एकच, पण निर्णायक होती: केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. त्या उड्डाणाचे ५२ तासांचे प्रशिक्षण त्याने घेतले होते. परंतु आदल्या वर्षी त्याची चाचणी तो उत्तीर्ण होऊ शकला नव्हता.

६/ हा भेद समजून घेणे आवश्यक आहे. उड्डाणाच्या पद्धती दोन. पहिलीत वैमानिक बाहेर पाहतो: क्षितिज, जमीन, दिवे. दुसरीत तो बाहेरचे सारे विसरून फलकावरील तबकड्यांवर विश्वास ठेवतो. त्या रात्री मेसन सिटीवर ढगांचे छत होते, हलका हिमवर्षाव सुरू होता आणि वारा झोताझोताने वाहत होता. खाली पांढरी शेते, वर न दिसणारे आकाश आणि मधे विरळ दिवे. कागदोपत्री बाहेर पाहून उडण्याची मुभा होती. प्रत्यक्षात बाहेर पाहण्यासारखे जवळपास काहीच नव्हते.

७/ हवाई सेवेचा मालक विमानतळावरून पाहत उभा होता. विमान दक्षिणेकडे उडाले, डावीकडे वळून वायव्येस निघाले. मग त्याच्या शेपटीचा दिवा हळूहळू खाली जात दिसेनासा झाला. उड्डाणाची योजना हवेत गेल्यावर रेडिओवरून कळवायची, असे ठरले होते. तो संदेश आलाच नाही. पुन्हापुन्हा हाका मारूनही उत्तर मिळाले नाही. सकाळी मालकाने स्वतः दुसरे विमान घेऊन शोध घेतला, तेव्हा साडेनऊच्या सुमारास अवशेष दिसले.

८/ अवशेष बोलके होते. उजव्या पंखाचे टोक प्रथम जमिनीला लागले होते आणि तेथून सुमारे १६५ मीटर फरफटत जाऊन सांगाडा काटेरी तारेच्या कुंपणाला अडला होता. उपकरणांचे काटे आघाताच्या क्षणी जागीच अडकले होते. वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. खाली येण्याची गती मिनिटाला ३००० फूट. विमानाची स्थिती उजवीकडे पूर्ण ९० अंश कललेली, नाक किंचित खाली. हे विमान तरंगत उतरले नव्हते, थकून पडलेही नव्हते. ते पूर्ण वेगाने जमिनीत शिरले होते.

९/ असे कसे होऊ शकते? शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा अंतर्कर्णात असते. तेथील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव डोके वळले की मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण समजते. पण वळण एकसारखे चालू राहिले, तर काही सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळणाची जाणीव नाहीशी होते. फुगडी थांबल्यावर अंगण फिरत राहते, ते याच द्रवामुळे. शिवाय अतिशय मंद गतीने झालेला कल कानाला कळतच नाही.

१०/ अंधारात विमान अगदी सावकाश एका बाजूला कलते. वैमानिकाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. कललेल्या पंखांची वर उचलणारी शक्ती अपुरी पडते, नाक खाली जाते, वेग वाढतो. उंची घटताना पाहून वैमानिक सुकाणू आपल्याकडे ओढतो. पंख सरळ असते तर नाक वर आले असते. कललेल्या अवस्थेत मात्र वळण अधिकच आवळते. जितके ओढावे तितका फास घट्ट. या गिरकीला वैमानिकांनी स्मशानावरून नाव दिले आहे.

११/ हे ज्ञान १९५९ मध्ये नवे नव्हते. १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोतील क्रिसी फील्ड येथे लष्करी वैमानिक विल्यम ऑकर याला डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसवण्यात आले, तेव्हा आपण कोणत्या दिशेने फिरतो आहोत हे त्या अनुभवी माणसाला नीट सांगता येईना. मग त्याने एका पेटीत वळणदर्शक उपकरण आणि दिवा बसवला. पेटीत पाहून दिलेली त्याची उत्तरे अचूक ठरली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल याने झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून सुखरूप उतरवले.

१२/ त्याहून बोलका प्रयोग १९५४ चा, इलिनॉय विद्यापीठातला. उपकरण-उड्डाणाचा सराव नसलेल्या २० जणांना हवेत नेऊन त्यांचे बाहेरचे दृश्य झाकण्यात आले. विसांपैकी एकही जण विमान ताब्यात ठेवू शकला नाही. १९ जण त्याच गिरकीत शिरले, तर एकाने विमान इतके वर उचलले की त्याचा वेगच संपला. ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. प्रयोगासाठी वापरलेले विमानही बोनान्झाच होते.

१३/ पीटरसन त्या विसांसारखा अगदीच अनभिज्ञ नव्हता. त्याला उपकरणे वाचता येत होती. पण तपासात एक गंभीर बाब पुढे आली. तो शिकला होता नेहमीच्या ‘कृत्रिम क्षितिजा’वर. या विमानात मात्र स्पेरी कंपनीचे ‘एफ-३’ हे वेगळे उपकरण होते आणि त्यात नाक वर वा खाली असल्याचे चित्र नेहमीच्या उपकरणाच्या उलट दिसे. हेलकावणाऱ्या विमानात, काळोखात, विमान खाली जात असताना आपण वर चढतो आहोत, असा समज होणे सहज शक्य होते.

१४/ तिसरा दुवा हवामान खात्याचा. पीटरसनने संध्याकाळपासून अनेकदा हवामानाची चौकशी केली होती. मार्गावरील हवामान बिघडत असल्याचे दोन तातडीचे इशारे प्रसृत झाले होते. परंतु माहिती देणाऱ्यांनी ते त्याच्या निदर्शनास आणलेच नाहीत. निष्काळजीपणे उडालेला तरुण, हे चित्र त्यामुळे अपुरे ठरते. त्याने विचारले होते. त्याला पुरते सांगितले गेले नव्हते.

१५/ सप्टेंबर १९५९ मध्ये सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने अहवाल दिला. त्यातील ‘संभाव्य कारण’ असे: आवश्यक पात्रता व परवाना नसताना, केवळ उपकरणांवर विसंबावे लागेल अशा उड्डाणास निघण्याचा वैमानिकाचा अविचारी निर्णय. सोबत दोन साहाय्यक कारणे नोंदवली गेली: हवामानाच्या माहितीतील गंभीर त्रुटी आणि विमानाची स्थिती दाखवणाऱ्या उपकरणाशी वैमानिकाचा अपुरा परिचय. बोर्डाने दोष हवेतील हालचालींवर ठेवला नाही; तो जमिनीवर, उड्डाणापूर्वी घेतलेल्या निर्णयावर ठेवला.

१६/ ‘संभाव्य’ हा शब्द पळवाट नव्हे. त्या काळच्या लहान विमानात ना आवाज टिपणारे यंत्र होते, ना कोणी वाचलेला साक्षीदार. उरतात ते वाकलेले धातू, अडकलेले काटे आणि कागदपत्रे. त्यांवरून जे अनुमान सर्वांत भक्कम ठरते, तेच मांडायचे. शिवाय असा अहवाल शिक्षेसाठी नसतो. अमेरिकेत तो नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरताही येत नाही. पुढचे विमान पडू नये, एवढाच त्याचा हेतू.

१७/ लोकांना मात्र अनुमानापेक्षा रहस्य प्रिय. अपघातानंतर दोन महिन्यांनी त्याच शेतात हॉलीचे पिस्तूल सापडले आणि विमानात गोळी झाडली गेल्याची अफवा पसरली. ती जवळजवळ अर्धे शतक टिकली. अखेर २००७ मध्ये मुलाच्या विनंतीवरून रिचर्डसनचे शव उकरून न्यायवैद्यक तज्ज्ञाने तपासले. गोळीचा मागमूस नव्हता. आघातानेच तत्काळ मृत्यू झाला होता. २०१५ मध्ये तपास पुन्हा उघडण्याची विनंतीही नाकारण्यात आली.

१८/ धडा खरोखर शिकला गेला का? १६ जुलै १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर आपले पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाला. सोबत पत्नी आणि मेहुणी. सुमारे ३०० तासांचा अनुभव. उपकरण-उड्डाणाचे शिक्षण अर्धे झालेले, परवाना नाही. रात्र, धुरकट हवा, खाली समुद्र. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ विमान मिनिटाला ४७०० फुटांहून अधिक गतीने पाण्यात गेले. यंत्रात बिघाड नव्हता. नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २००० साली नोंदवलेले संभाव्य कारण: दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटणे.

१९/ दोन अपघातांत चाळीस वर्षांचे अंतर. विमान नवे, उपकरणे उत्तम, स्वयंचलित नियंत्रणाची सोयही हाताशी. बदलला नव्हता तो फक्त माणसाचा कान. दोन्ही रात्री बाहेर पाहून उडण्यास नियमांची आडकाठी नव्हती, आणि दोन्ही रात्री नियमांनी गृहीत धरलेले क्षितिज दिसत नव्हते.

२०/ इलिनॉयच्या प्रयोगाचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. त्याच विद्यार्थ्यांना नंतर एक साधी रीत शिकवली गेली: सुकाणू सोडून द्या, वेग स्थिर होऊ द्या, वळणदर्शक काट्याकडे पाहत पायांच्या पट्ट्यांनी सावकाश वळा आणि आल्या वाटेने परत फिरा. पुढच्या चाचण्यांत ते जवळपास प्रत्येक वेळी यशस्वी झाले. अंधारात तगून राहण्याची विद्या त्यांना काही तासांत मिळाली होती. तिचे सार एवढेच, की शरीर जे सांगते त्यावर विसंबू नये आणि माघारी वळण्यात कमीपणा मानू नये.

२१/ क्लिअर लेकजवळच्या त्या शेतात आज तीन गायकांचे स्मारक आहे. पीटरसनच्या नावाचे स्मारक तेथे पोहोचायला २००९ साल उजाडले. अहवालाने त्याचा निर्णय अविचारी ठरवला, आणि तो तसा होताही. पण त्याच अहवालात न सांगितलेले दोन इशारे आणि उलटे दिसणारे एक उपकरणही नोंदलेले आहे. ‘वैमानिकाची चूक’ या शब्दांपाशी वाचन थांबवले, तर अपघाताला दोषी सापडतो. पुढच्या दोन ओळी वाचल्या, तरच कारण सापडते.