वस्तादाच्या नावापुढचा रिकामा रकाना

लातूरहून बार्शी रोडनं मुरुडकडं येताना बोर्ड वाचत या. क्लासेसचे बोर्ड संपतच नाहीत. पोरांचे फोटो, त्यांचे मार्क, आणि मधोमध सरांचा मोठा फोटो. कोणत्या सरांचं कोणतं पोरगं मेडिकलला लागलं ह्याचा हिशोब आपल्या जिल्ह्यात चोख ठेवतात. ह्यात वाईट काहीच नाही. 'लातूर पॅटर्न' ह्याच हिशोबावर उभा राहिला. पण ह्याच जिल्ह्यातल्या एका मास्तराचा हिशोब आपण कुठंच मांडला नाही, म्हणून आज लिहितोय.

निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड. हरिश्चंद्र बिराजदार ह्या गावचे. त्यांच्या उमेदीच्या काळात लातूर जिल्हा नव्हताच, तो १९८२ ला झाला. तेव्हा सगळं उस्मानाबादच. पोरगं कुस्ती शिकायला कोल्हापूरला गेलं. इथं आखाडे होते, जत्रेतल्या नारळावरच्या कुस्त्याही होत्या, पण मोठा पैलवान व्हायचं तर कृष्णा-पंचगंगेकडं जावं लागायचं. १९६९ ला महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरला भरलं आणि गदा ह्याच पोरानं मारली, आपल्याच मातीत. पुढच्याच वर्षी एडिंबरा. १९७० च्या त्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही कुस्तीत. त्यातलं एक बिराजदारांचं. पुढं रुस्तम-ए-हिंद झाले, आणि बेळगावात दिल्लीच्या सतपालला चितपट केलं. ती कुस्ती आजही म्हातारी माणसं पारावर डावासकट सांगतात, आणि प्रत्येकाचा डाव थोडा वेगळा असतो.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत आहे. पैलवानाची गोष्ट लोकांना आवडते, कारण तिच्यात हलगी वाजते. वस्तादाच्या गोष्टीत हलगी नसते. पहाटे चारला उठून पोरांना उठवायचं, माती खणून घ्यायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू टाकायचं, जोर-बैठका मोजायच्या, कुणाचा खांदा दुखतोय, कुणाच्या घरून खुराकाचे पैसे आले नाहीत ते बघायचं. बिराजदारांनी लंगोट सोडल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हेच काम केलं, सप्टेंबर २०११ मध्ये वारले तोपर्यंत. लढण्याची वर्षं मोजकी, शिकवण्याची त्याच्या कितीतरी पट. तरी आपण त्यांना ओळखतो ते बेळगावच्या एका कुस्तीवरून.

त्यांच्या हाताखाली कोण तयार झालं ते बघा. लातूरजवळच्या साईचे काका पवार. ग्रीको-रोमनचे पैलवान, १९९८ चा अर्जुन पुरस्कार. मातीतल्या वस्तादाचा पठ्ठ्या मॅटवरच्या, कमरेखाली हात न लावायच्या कुस्तीत देशाकडून खेळला, ही गोष्ट साधी नाही. मातीत पाठ लागली की निकाल, वेळ किती का लागेना. मॅटवर सहा मिनिटं, गुण, रेषा, शिट्टी. जुन्या वस्तादांपैकी कित्येकांना हा बदल पटलाच नाही, 'ही कसली कुस्ती' म्हणत त्यांनी पोरं मातीतच ठेवली आणि ती पोरं जत्रेपुरतीच राहिली. बिराजदार स्वतः जुन्या मातीचे, पण राष्ट्रकुलात जाऊन आलेले. बाहेरची कुस्ती कशी चालते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. माझ्या मते त्यांचं वस्ताद म्हणून मोठेपण इथंच आहे.

दुसरा राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, वडील बाळासाहेब हे पहिले गुरू, मग लहानपणीच बिराजदारांकडं. वस्ताद गेले तेव्हा राहुल ऐन उमेदीत होता. पुढं तो काका पवारांकडं गेला, म्हणजे एका गुरूच्या दोन शिष्यांपैकी थोरल्यानं धाकट्याला सांभाळलं. २०१६ ला रिओच्या वेळी हुकला. त्याच्या वजनात दुसऱ्याला पाठवलं, चाचणी झालीच नाही. तेव्हा आपल्याकडं बऱ्याच जणांनी फेसबुकवर राग काढला होता, मीही काढला होता. २०१८ ला गोल्ड कोस्टला ५७ किलोत सुवर्ण मिळालं आणि त्यानं ते बिराजदार मामांना अर्पण केलं, सात वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला. दुसऱ्या वर्षी जागतिक स्पर्धेत ब्राँझ. १९७० चं सुवर्ण आणि २०१८ चं सुवर्ण, मध्ये ४८ वर्षं, आणि ही दोन टोकं जोडणारा माणूस रामलिंग मुदगडचा.

आता दिल्लीकडं बघा. बेळगावात पडलेला सतपालही पुढं गुरूच झाला. छत्रसाल स्टेडियमात त्यानं आखाडा लावला आणि तिथून सुशील कुमार निघाला, बीजिंगला ब्राँझ, लंडनला रौप्य. योगेश्वर दत्तही तिथलाच. सतपालना २००९ ला द्रोणाचार्य, २०१५ ला पद्मभूषण. बिराजदारांना २००६ ला ध्यानचंद मिळाला, तो खेळातल्या आजीवन योगदानाचा. गुरूचा जो पुरस्कार, द्रोणाचार्य, तो नाहीच. मी सतपालना कमी लेखत नाही, त्यांच्या पोरांनी ऑलिंपिक पदकं आणलीत. पण फरक फक्त दोन माणसांच्या कर्तबगारीचा नव्हता. तिथं सरकारी स्टेडियम होतं, मॅट होती, राजधानी होती. इथं तालीम होती आणि वस्ताद होता.

अमेरिकेचं एक उदाहरण देतो. तिथं कॉलेजात पोरी सॉफ्टबॉल खेळतात. आपल्याकडं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या यादीत सॉफ्टबॉलचं नाव असतं, पण गावात कुणाला विचारलं तर क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणतील. तिथं ओक्लाहोमा विद्यापीठाच्या पॅटी गॅसो नावाच्या बाई १९९५ पासून मुख्य कोच आहेत. आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं, त्यातली २०२१ ते २०२४ सलग चार. त्यांच्या टीमनं किती सामने जिंकले, किती हरले, कोणत्या वर्षी कोण पोरगी खेळली, सगळं त्यांच्या नावापुढं लिहिलेलं. पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर. पगाराचं सोडा, तेवढा कुणी मागत नाही. पण ते लिहिणं बघा. कोच म्हणजे एक कारकीर्द, तिलाही सुरुवात, चढउतार, आकडे असतात, हे तिथं गृहीत धरलंय. आपल्या वस्तादाच्या नावापुढचा रकाना कोराच.

जानेवारी २०२० आठवतोय? बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची फायनल. एकीकडं नाशिककडून हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडं आपला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्याच संकुलातले. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. फोटो सगळ्यांनी शेअर केला. आपण हळहळलो, 'लातूरची गदा थोडक्यात हुकली'. खरं तर त्या दिवशी गदा कुणाचीही झाली असती तरी ती साईच्या माणसाच्याच तालमीत जाणार होती.

पण ती तालीम कुठं आहे? पुण्यात, कात्रजजवळ. बिराजदारांची होती तीही पुण्यात. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी मुदगडचं पोरगं कोल्हापूरला गेलं, आज आपल्या भागातलं पोरगं पुण्याला जातं. वस्ताद लातूरचा, शिष्य लातूर-बीडचा, आणि दोघांची गाठ पडायला तीनशे किलोमीटर लांब जावं लागतं. डॉक्टर व्हायचं तर अख्खा महाराष्ट्र आपल्याकडं येतो, पैलवान व्हायचं तर आपलाच पोरगा बाहेर. ज्याच्या बापाकडं पुण्याच्या खोलीचे आणि खुराकाचे पैसे नाहीत, तो जत्रेतल्या कुस्त्या करतो आणि विशी-पंचविशीत सोडून देतो. असे माझ्याच ओळखीचे तिघं-चौघं आहेत. सिद्धेश्वराच्या जत्रेत महाशिवरात्रीला आखाड्याभोवती बसलेले दिसतील, डाव बरोबर ओळखतात.

तालुका क्रीडा संकुलांच्या इमारतींवर भाषणं पुष्कळ होतात. मॅट घेणं सोपं आहे, टेंडर निघतं. तिच्यावर रोज पहाटे उभा राहणारा पगारी कोच नेमणं अवघड, कारण त्याचा निकाल पाच-दहा वर्षांनी लागतो आणि तोवर आमदार बदललेला असतो. पुढच्या सभेत कुणी मत मागायला आलं तर इमारतीचं नका विचारू, कोचचं विचारा.

आणि एक काम आपलं. मुरुड आणि आसपासच्या गावांत ज्यांनी तालमी चालवल्या, पोरं घडवली, त्यांची नावं, साधारण वर्षं, त्यांचे पठ्ठे, कुणाकडं जुना फोटो किंवा कुस्तीचं हँडबिल असेल तर तेही, खाली टाका. घरात आजोबा असतील तर आजच विचारून घ्या. मी एका वहीत उतरवून ठेवतोय, सध्या अकरा नावं झालीत.