मेंदूखालचं रिंगण

सकाळचा चहा चाललेला असतो. कप धरलेली बोटं एकाएकी सैल पडतात, बशीत चहा सांडतो. ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो. काय झालं म्हणून विचारावं, तर उत्तर बोबडं येतं. मग घरातलं कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, ''अंगावरून वारं गेलं वाटतं.''

हे 'वारं' फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात पक्षाघात येतो. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे घाव. मराठीतल्या अर्धांगवायूत अर्धं अंग आहे आणि वायूही आहे. ग्रीकांनी याच दुखण्याला जे नाव दिलं, त्यातून 'अपोप्लेक्सी' आला. त्याचाही अर्थ घाव घालून खाली पाडणं. इंग्रजीतला स्ट्रोक म्हणजे फटका, आणि तिथली जुनी माणसं तो देवाच्या हातचा फटका मानत. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या माणसांनी एकच दृश्य पाहिलं आणि त्याला जवळपास एकच नाव दिलं. घाव सगळ्यांना दिसला. तो कशाचा, हे कळायला मात्र सतराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

तसा एक धागा ग्रीकांच्या हाती लागला होता. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांखाली उडते ती कॅरोटिड धमनी. 'करोस' म्हणजे गुंगी. या धमन्या दाबल्या की माणूस गुंगतो, हे माहीत असल्यानं हे नाव पडलं. पण गळ्यातून वर चढलेलं रक्त कवटीत पुढे कुठे जातं?

दुसऱ्या शतकातल्या गेलेननं याचं उत्तर दिलं, आणि ते चुकलं. त्यानं बैल-मेंढ्या चिरल्या. त्यांच्या मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. माणसातही ते असणारच असं त्यानं धरलं, आणि तेराशेहून अधिक वर्षं जगानं ते मान्य केलं. माणसात हे जाळं नसतंच. व्हेसॅलियसनं 1543 साली ते लिहिलं, आणि लिहिताना एक कबुलीही दिली: माणसाचं डोकं चिरून दाखवताना आपण शेजारी मेंढीचं किंवा बैलाचं डोकं ठेवत होतो. समोरच्या माणसात जे सापडत नव्हतं, ते जनावरात दाखवलं जात होतं. आपली चूक इतक्या उघडपणे छापणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटतो.

स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझन गावच्या योहान याकोब वेप्फर या वैद्यानं 1658 साली पुढचं पाऊल टाकलं. अपोप्लेक्सीनं मेलेल्यांचे मेंदू त्यानं उघडले, तेव्हा आत रक्तस्राव झालेला होता. दुखण्याचं मूळ रक्तात आहे हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1664 मध्ये, ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसचं 'सेरेब्री अनाटोमे' हे लॅटिन पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्याआधी मेंदू कवटीतच ठेवून वरून चकत्या करत कापायची पद्धत होती, त्यामुळे तळाच्या शिरा बघेपर्यंत वरचा सगळा लगदा होई. विलिस आणि त्याचा मदतनीस रिचर्ड लोअर यांनी अख्खा मेंदू कवटीतून बाहेर काढला आणि पालथा घातला. तळ वर आला. चित्रं काढायला शेजारी क्रिस्टोफर रेन होता. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा रेन तेव्हा ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता.

त्या चित्रात दिसतं ते असं. पुढून दोन कॅरोटिड येतात. मागून मानेच्या मणक्यांच्या भोकांतून दोन व्हर्टिब्रल धमन्या वर चढतात आणि एक होऊन बॅसिलर धमनी बनते. छोट्या जोडवाहिन्या या सगळ्यांना एकमेकींशी सांधतात, आणि मेंदूच्या तळाशी एक बंद रिंगण तयार होतं. रिंगणाचे तुकडे आधीच्या काहींनी पाहिले होते, रेखाटलेही होते. विलिसनं विचारलं, हे कशासाठी? एका बाजूच्या कॅरोटिडमध्ये त्यानं रंगीत पाणी सोडलं. रंग दुसऱ्या बाजूलाही उतरला.

त्याच पुस्तकात एका मृत माणसाची हकीकत आहे. तो मेला पोटातल्या गाठीनं. कवटी उघडली, तर उजवी कॅरोटिड दगडासारखी कडक होऊन जवळजवळ बुजलेली. एवढी मोठी वाट बंद, तरी त्याला अपोप्लेक्सी झाली नव्हती. कारण शेजारीच होतं: त्याच बाजूची व्हर्टिब्रल धमनी दुसरीच्या तिप्पट फुगली होती. एक कालवा बुजला तर दुसऱ्याचं पाणी फिरवून शेत जगवावं, तसं रिंगणानं त्या माणसाला जगवलं होतं. या सगळ्या कथेत याहून सुंदर पुरावा नाही. 'विलिसचं वर्तुळ' हे नाव पुढे अठराव्या शतकात आल्ब्रेख्ट फॉन हालरनं दिलं.

रिंगण भरवशाचं आहे असं मात्र समजू नये. निम्म्याहून अधिक माणसांत त्याची एखादी जोडवाहिनी अगदी बारीक असते किंवा नसतेच. शिवाय रिंगणापलीकडे प्रत्येक धमनीचा आपापला मुलूख आहे, आणि तिथे शेजाऱ्याची मदत फारशी पोचत नाही. 1870 च्या दशकात पॅरिसचा आंरी ड्यूरे आणि लाइपझिगचा ओटो हॉयब्नर यांनी धमन्यांत रंगद्रव्यं भरून या मुलखांच्या हद्दी आखल्या. तेव्हापासून वैद्य उलटा माग काढू लागले: काय गेलं ते बघायचं आणि कुठली वाट बुजली ते सांगायचं.

रिंगणातून मेंदूत जाणारी मधली धमनी बुजली तर विरुद्ध बाजूचा चेहरा आणि हात जातो. डाव्या मेंदूतली असेल, तर बहुतेकांची वाचाही. बशीत चहा सांडणारी धमनी सहसा हीच. पुढची धमनी बुजली तर पाय ओढत चालावं लागतं, कारण पायाची जागा मेंदूच्या आतल्या भिंतीवर असते आणि तिला रक्त तीच पुरवते. मागची बुजली तर हातपाय धड राहतात, पण समोरचं अर्धं जग दिसेनासं होतं.

मागच्या धमनीची एक हकीकत विसरता येत नाही. पॅरिसच्या एका सुशिक्षित गृहस्थाला 1887 साली अचानक एकही अक्षर वाचता येईना. बोलणं ठीक. उजवीकडचं अर्धं जग दिसेनासं झालेलं, पण उरलेली नजर शाबूत. सांगितलेला मजकूर तो नीट लिहून काढी, आणि स्वतःच लिहिलेला कागद हातात दिला की त्याला तो वाचता येत नसे. तो 1892 मध्ये वारला. डॉक्टर देजरीन यांनी मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूचा मागचा, बघण्याचा भाग गेलेला होता, आणि उजव्या मेंदूतली दृश्यं डावीकडच्या भाषेपर्यंत नेणारा पूलही. अक्षरं दिसत होती, पण भाषेपर्यंत पोचत नव्हती.

सगळ्यात भीषण घाव बॅसिलरचा, कारण मेंदूचा देठ तिच्यावर जगतो. 1995 च्या डिसेंबरात 'एल' मासिकाचे फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांच्या मेंदूच्या देठावर घाला पडला. भान पूर्ण, शरीर पूर्ण निश्चल. चालत होती फक्त डाव्या डोळ्याची पापणी. समोरच्यानं एकेक अक्षर उच्चारायचं, हवं ते आलं की पापणी मिटायची. अशा रीतीनं त्यांनी अख्खं पुस्तक सांगितलं. मार्च 1997 मध्ये ते निघालं आणि काही दिवसांतच बोबी वारले.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू त्याला वीस टक्के लागतो. मोठी वाट बुजली की मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात असा हिशेब आहे. वाट बुजवणारी गुठळी विरघळवणारं औषध 1995 च्या चाचणीत गुणकारी ठरलं. आज ते साधारण साडेचार तासांच्या आत देतात. मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचं तंत्र 2015 च्या चाचण्यांनी पक्कं केलं. पण आधी स्कॅन हवाच. वाट बुजली की फुटली हे बाहेरून कळत नाही, आणि फुटली असेल तर तेच औषध जीव घेईल.

'वारं' हा शब्द भाषेत राहू दे, त्याच्यामागे मोठी परंपरा आहे. पण वारं म्हटलं की तेलाची वाटी पुढे येते, चोळणं सुरू होतं, उद्या बघू म्हटलं जातं, आणि ते साडेचार तास ओसरीवरच संपतात. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोली बोबडी झाली, यातलं एक जरी दिसलं तरी आधी घड्याळ बघा. माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. 108 ला फोन करा, आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या.