वांद्र्याची जुनी स्थाने

रिद्धपूर पाहिलेल्या आपणां वऱ्हाडकरांस एक गोष्ट परिचयाची आहे. श्रीगोविंदप्रभु व श्रीचक्रधर जेथे बसले-उठले, तेथे महानुभावांनी ओटे बांधले आणि त्या स्थानांची नोंद स्थानपोथीत करून ठेविली. इमारत पडो, स्थान विसरावयाचे नाही, हा त्यांतील भाव. मुंबईच्या समुद्रकाठी वांद्रे उपनगरात आपल्या धर्मबांधवांनीही तोच भाव कसा राखिला, हे ह्या महोत्सवप्रसंगी पाहणे उचित होईल.

तेथील संत आंद्रियाचे देऊळ येशुसंघीय धर्मगुरूंनी १५७५ साली स्थापिले. संत आंद्रिया स्वतः मासे धरणारा. कोळ्यांच्या किनाऱ्यास हे नाव शोभून दिसते. देवळाच्या अंगणात प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेला, सुमारे १७ फूट उंचीचा अखंड पाषाणाचा क्रूस आहे. तो पूर्वी संत आन्नाच्या विद्यालयात होता. ते विद्यालय गेले, क्रूस राहिला.

भूशिराच्या टोकास पोर्तुगीजांनी १६४० साली किल्ला बांधिला. जवळच्या झऱ्याचे गोडे पाणी जहाजे भरून घेत, म्हणून त्यास आग्वाद म्हणत. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकिली. त्या धामधुमीत हा किल्ला मराठ्यांच्या हाती पडून मुंबईस धोका होऊ नये, म्हणून इंग्रजांच्या आग्रहावरून तो पाडण्यात आला. आज काही भिंती व वेस उरली आहे.

टेकडीवरील मोतमावलीची कथा याहून हृद्य आहे. सन १७०० मध्ये अरब चाच्यांनी तिच्या काष्ठमूर्तीचा उजवा हात तोडिला, असे सांगतात. पुढे युद्धात तिचे देऊळही नष्ट झाले. तरी भक्तांनी ते पुन्हा उभारिले. सांप्रतची इमारत १९०४ सालची असून तिचा आराखडा शापूरजी चांदाभॉय यांनी केला; १९५४ साली तिला बॅसिलिकेचा मान मिळाला. सप्टेंबरातील तिच्या जत्रेस सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन येतात.

वांद्र्याच्या गल्लीगल्लीत मात्र लहान क्रूस आढळतात. त्यांतील कित्येक १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगाच्या काळी, रोगनिवारणार्थ, लोकांनी उभारिले. त्यांना ना शिखर ना कमान. मरणाच्या सावटाखाली शेजाऱ्यांनी एकत्र केलेली प्रार्थना, हीच त्यांची शोभा. आता उंच इमारतींच्या गर्दीत असे क्रूस सहज दिसेनासे होतात. भव्य देवळास रक्षक पुष्कळ मिळतात. वाटेवरच्या क्रूसास शेजारच्या घरातील दिव्याचाच आधार. तो दिवा लावणारे हात पुढील पिढीत निर्माण करणे, हेच खरे जीर्णोद्धाराचे कार्य होय.