दोरी, खुंटी आणि सारखी वाटणी

आमचे नाना गवंडी होते. पाया आखताना तीन, चार आणि पाच फुटांच्या अंतरांनी गाठी मारलेली सुतळी ते तीन खुंट्यांना ताणायचे. कोपरा काटकोनात बसला की मगच कुदळ पडायची. पायथागोरसचं नाव ऐकण्याआधी मी ती सुतळी धरून उभी राहिले आहे. पुढे गणिताची शिक्षिका झाले, शुल्बसूत्रं वाचली, तेव्हा नानांची सुतळी तिथे पुन्हा भेटली. 'शुल्ब' म्हणजे दोरीच!

बौधायन, आपस्तंब, कात्यायन आणि मानव यांची ही सूत्रं यज्ञाच्या वेदी कशा आखाव्यात, चिती म्हणजे अग्नीसाठीचे विटांचे ओटे कसे रचावेत ते सांगतात. सोमयागाची महावेदी समलंब चौकोनाच्या आकाराची. पूर्वेची बाजू २४ पदं ('पद' हे लांबीचं माप), पश्चिमेची ३०, मधली लांबी ३६. पूर्वेकडच्या कोपऱ्यांना अंस म्हणजे खांदे म्हणत, पश्चिमेकडच्यांना श्रोणी म्हणजे नितंब. मधल्या रेषेच्या दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या आणि ५४ पदं लांबीची दोरी त्यांना बांधायची. पश्चिमेच्या खुंटीपासून १५ पदांवरची खूण धरून दोरी बाजूला ताणली, की उरलेली दोरी ३९ भरते. १५, ३६, ३९ : काटकोन तयार!

या वेदीचं क्षेत्रफळ ९७२ आहे, हे आपस्तंब नुसतं सांगून थांबत नाही. दक्षिणेच्या खांद्यापासून सरळ पश्चिमेला रेषा काढा, असं तो सांगतो. बाहेर ३ पदं रुंदीचा लांबट त्रिकोण सुटतो. तो उचलून, उलटा करून उत्तरेच्या बाजूला ठेवा. झाला २७ बाय ३६ चा आयत. दोन्ही बाजू एकसारख्या म्हणूनच तो तुकडा तिथे चपखल बसतो. सौत्रामणी या यज्ञाची वेदी महावेदीच्या एक तृतीयांश, म्हणजे ३२४. आकार तोच ठेवून क्षेत्रफळ मात्र तिसरा हिस्सा करायचं!

चितीच्या विटांची वाटणीही अशीच चोख. गार्हपत्य अग्नीच्या चौरस चितीच्या एका थरात २१ विटा: एका बाजूचे सात भाग, दुसरीचे तीन. वरच्या थरात विटा आडव्या फिरवायच्या, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. श्येनचिती पंख पसरलेल्या पक्ष्याची. पाच थर, दर थराला २०० विटा, क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष ('पुरुष' हेही लांबीचं माप). इथेही सांध्यावर सांधा चालत नाही. "सांध्यावर सांधा आला तर भिंत तडकते," हे नाना प्रत्येक नव्या पोराला बजावायचे.

१८७५ मध्ये जॉर्ज थिबो यांनी या सूत्रांवर सविस्तर लिहिलं आणि ती जगभरच्या गणितज्ञांसमोर आली. शंभर वर्षांनी, १९७५ च्या एप्रिलमध्ये, केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांनी पक्ष्याच्या आकाराची चिती प्रत्यक्ष रचली.

महावेदीसारख्या समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाचं सूत्र मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. माझी शिक्षकांना विनंती आहे: सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी वर्ग मैदानात न्या. चार खुंट्या, एक दोरी आणि कागदाचा एक समलंब चौकोन पुरे. आपस्तंबाचा तो त्रिकोण मुलांना स्वतः कापू द्या, उलटा करून दुसऱ्या बाजूला लावू द्या. जे हाताला कळलं, ते विसरत नाही.