हळू धावा, पण धावत राहा! – जॉगिंगचा इतिहास आणि वजन कमी करू पाहणाऱ्यांसाठी त्यातले धडे



"डॉक्टर, वजन कमी करायचं म्हणून पळायला सुरुवात केली, पण दोन मिनिटांतच धाप लागते. माझ्यात स्टॅमिनाच नाही." हे वाक्य चाळिशी-पन्नाशीतले पेशंट मला वारंवार ऐकवतात. बहुतेक जण आठवडाभर जिवाच्या आकांताने पळतात, मग गुडघा किंवा पोटरी दुखू लागते, नवे बूट कपाटात जातात आणि वजन होतं तिथेच राहतं.

याचं उत्तर मी आज इतिहासातून देणार आहे. सामान्य, जाडजूड, वयस्कर माणसाने तब्येतीसाठी रस्त्यावर पळावं ही कल्पना जेमतेम साठ वर्षांची आहे. ती कशी रुजली आणि कुठे कुठे चुकली हे समजलं, तर तुमची सुरुवात बरीच सोपी होईल.

विश्रांती हेच औषध!

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हार्ट अटॅक आलेल्या माणसाला साधारण सहा आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. हृदय 'जखमी' झालंय, त्याला हलवायचं नाही, हा विचार वरवर बरोबर वाटतो. पण इतके दिवस पडून राहिल्याने स्नायू झिजत, पायांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि काही पेशंट त्यानेच दगावत. १९५२ मध्ये बोस्टनचे डॉ. सॅम्युअल लेव्हाइन आणि डॉ. बर्नार्ड लाउन यांनी पेशंटला लवकर उठवून खुर्चीत बसवायला सांगितलं. त्या काळात तेवढंही धाडसाचं मानलं गेलं!

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. लंडनच्या डबल डेकर बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. दोघांचं खातं एक, राहणीमान साधारण सारखं. पण कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो कमी घातक ठरत होता. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आकड्यांत दाखवणारा हा पहिला मोठा पुरावा.

१९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट स्वतः सायकल चालवणारे. त्यांनी अध्यक्षांना कायम झोपवून न ठेवता हळूहळू हिंडाफिरायला लावलं. आयझेनहॉवर पुन्हा गोल्फ खेळू लागले आणि दुसरी निवडणूकही जिंकले. तरीही हृदयरोग्याने पळावं असं तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं. ते पाऊल टाकलं एका चपला-बुटांच्या कारागिराने.

ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत असे. रग्बी खेळत असल्यामुळे तो स्वतःला तंदुरुस्त समजायचा. पंचविशी ओलांडल्यावर एका मुरलेल्या धावपटूने त्याला पाच मैलांच्या धावेला सोबत नेलं आणि त्याची पुरती दमछाक झाली. आत्ताच ही अवस्था, तर पन्नाशीत काय होईल, या विचाराने तो अस्वस्थ झाला. मग अनेक वर्षं त्याने स्वतःवरच प्रयोग केले. किती अंतर, किती वेग, किती विश्रांती हे तो स्वतःच्या पायांवर तपासत राहिला.

त्यातून एक साधा निष्कर्ष निघाला. दम वाढवायचा तर आधी भरपूर अंतर आरामाच्या वेगाने धावायचं. वेगाचा सराव नंतर, त्या पायावर करायचा. त्याकाळचे बहुतेक प्रशिक्षक मैदानावर छोट्या अंतराच्या जोरदार फेऱ्या मारून घेत. लिडियार्ड मात्र ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेलला दर रविवारी २२ मैलांच्या डोंगराळ रस्त्यावर नेत असे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं, तेही तासाभराच्या अंतराने. दोघेही लिडियार्डचे शिष्य.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. ऑकलंडमधल्या काही मध्यमवयीन व्यावसायिकांपुढे लिडियार्डचं भाषण झालं. श्रोत्यांत वजन वाढलेले लोक होते, हृदयविकाराचे पेशंटही होते. खेळाडूंना जे चालतं ते आम्हाला चालेल का, असा त्यांचा प्रश्न होता. लिडियार्डचं उत्तर 'हो' असं होतं. मात्र शर्यत लावायची नाही, आणि शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने जायचं. त्यातून १९६२ मध्ये 'ऑकलंड जॉगर्स क्लब' सुरू झाला.

बॉवरमन मागे पडले

१९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आपला संघ घेऊन न्यूझीलंडला आले. वय पन्नाशीच्या पुढे, मोठमोठे धावपटू घडवलेले. लिडियार्डने त्यांना रविवारच्या जॉगिंगला बोलावलं. डोंगर चढताना बॉवरमन यांना धाप लागली आणि सगळे पुढे निघून गेले. एक सत्तरी ओलांडलेले आजोबा मात्र मुद्दाम हळू होऊन त्यांच्या सोबतीला थांबले. त्या आजोबांना तीन हार्ट अटॅक येऊन गेले होते!

बॉवरमन तिथे सुमारे सहा आठवडे राहिले, रोज जॉगिंग केलं आणि कंबर कमी करूनच परतले. १९६३ मध्ये त्यांनी आपल्या युजीन गावात सर्वांना जॉगिंगला बोलावलं. सुरुवातीला काही डझन माणसं आली. बघता बघता गर्दी इतकी वाढली की बॉवरमन घाबरले. न तपासलेल्या माणसांपैकी कोणी मैदानावर कोसळलं तर? त्यांनी कार्यक्रम थांबवला आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. वाल्डो हॅरिस यांना सोबत घेतलं. मध्यमवयीन लोकांवर बेतशीर, टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम करून पाहिला आणि १९६७ मध्ये दोघांनी 'जॉगिंग' नावाचं छोटं पुस्तक काढलं. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. थोडं चालणं, थोडं पळणं, एक दिवस आड विश्रांती आणि बोलता येईल इतकाच वेग, हे त्याचं सार.

म्हणजे जॉगिंगच्या जन्मापासूनच त्यात डॉक्टरची तपासणी आणि हळू वेग या दोन्ही गोष्टी होत्या. पुढे त्या विसरल्या गेल्या.

हळू धावल्याने शरीरात काय होतं?

१९६७ मध्येच अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांचे स्नायू तपासले. पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे छोटे कारखाने म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत या कारखान्यांची क्षमता साधारण दुप्पट झाली होती. 'दम वाढणं' म्हणजे फुफ्फुसं मोठी होणं नव्हे, हे लक्षात घ्या. स्नायूंतले हे कारखाने वाढतात, त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं. हे सगळं आरामाच्या वेगातही होतं, त्यासाठी जीव काढावा लागत नाही.

पण एक अडचण आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं, सांधे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र महिनोन्‌महिने घेतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार पायावर येतो. ९० किलोच्या माणसासाठी हा भार किती होतो, तुम्हीच हिशेब करा. "आता दम लागत नाही" म्हणून तिसऱ्या आठवड्यात अंतर दुप्पट करणाऱ्यांची नडगी आणि टाच म्हणूनच दुखते.

मग वजनाचं काय?

१९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे डॉ. केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' पुस्तक आलं. कूपर स्वतः तिशीच्या उंबरठ्यावर दोनशे पाउंडांच्या वर गेले होते आणि धावून पुन्हा सडपातळ झाले होते. बारा मिनिटांत किती अंतर जाता यावरून दम मोजण्याची त्यांची चाचणी जगभर पसरली. ब्राझीलमध्ये तर जॉगिंगलाच लोक 'कूपर' म्हणू लागले!

धावलं की वजन उतरतं, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. त्याचं गणित करू. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ८० किलोचा माणूस ३ किलोमीटर धावला तर सुमारे २४० कॅलरी. एका वडापावात साधारण तेवढ्याच असतात. आठवड्यातून तीन वेळा असं धावलात तर महिन्याला जवळपास २,९०० कॅलरी होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे महिनाभराच्या घामातून पाव किलोहून थोडी जास्त चरबी, आणि तीही खाणं वाढलं नाही तरच.

मग धावायचं कशाला? याचं एक उत्तर आपल्याच देशातून मिळालं. १९५६ मध्ये जाँ मेयर यांनी पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीच्या परिसरातल्या कामगारांचा आहार आणि वजन तपासलं. जड काम करणारे जास्त खात होते, पण त्यांचं वजन बेताचं होतं. हलकं काम करणारे त्यांच्यापेक्षा कमी खात होते. पण दिवसभर बसून काम करणारे दुकानदार आणि कारकून हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. एका पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण अगदी बैठ्या माणसाची भूक त्याच्या गरजेशी जुळत नसावी, हा मुद्दा मला आजही मोलाचा वाटतो. वजन मुख्यतः ताटात कमी होतं. धावणं ते कमी झालेलं टिकवायला मदत करतं, आणि रक्तदाब, साखर, झोप यांना होणारा फायदा काट्यावर काही दिसला नाही तरी होतोच.

जिम फिक्स यांचा धडा

आता सर्वांत गंभीर भाग. अमेरिकन लेखक जिम फिक्स यांच्या वडिलांना ३५ व्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि ४३ व्या वर्षी ते गेले. फिक्स स्वतः ३५ व्या वर्षी शंभर किलोच्या आसपास होते आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढत. त्यांनी धावायला सुरुवात केली, सिगारेट सोडली, सुमारे २७ किलो वजन उतरवलं. १९७७ चं त्यांचं धावण्यावरचं पुस्तक प्रचंड खपलं. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये धावत असताना त्यांचा मृत्यू झाला. वय ५२. शवविच्छेदनात हृदयाच्या तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या. काही महिने आधीच डॉ. कूपर यांच्या केंद्रात ट्रेडमिल टेस्ट करून घेण्याची संधी त्यांना मिळाली होती. ती त्यांनी नाकारली होती.

"बघा, धावून मेला!" असं तेव्हा अनेकांनी म्हटलं, आणि आजही कोणी मॅरेथॉनमध्ये कोसळलं की व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरतं. पण फिक्स वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगले हेही लक्षात ठेवा. धावण्याने हृदय बळकट होतं, पण आनुवंशिकता आणि आधी साचलेलं कोलेस्टेरॉल पुसलं जात नाही. वजन उतरलं म्हणजे तपासणीतून सुटका झाली असं समजू नका.

तुम्ही काय करायचं?

१९९६ मध्ये जॉश क्लार्क या तरुणाने आपल्या आईसाठी एक वेळापत्रक तयार केलं. ते 'काउच टू फाइव्ह के' म्हणून प्रसिद्ध झालं. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं झपझप चालणं, मग २० मिनिटं आलटून पालटून ६० सेकंद हळू धावणं आणि ९० सेकंद चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, एकूण नऊ आठवडे. मुळात ही लिडियार्ड-बॉवरमन यांचीच रीत. माझा सल्ला असा:

१. वय चाळीसच्या वर असेल, किंवा मधुमेह, बीपी, धूम्रपान, घरात कमी वयात हार्ट अटॅकचा इतिहास यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ट्रेडमिल टेस्ट लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डोसबद्दल जरूर विचारा.

२. वजन खूप जास्त असेल तर आधी सहा-आठ आठवडे फक्त चाला. ४० मिनिटं सहज झपझप चालता आलं की मग मिनिटभर धावणं मिसळा.

३. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नसेल येत, तर वेग कमी करा. शेजारून कोणी चालत पुढे गेलं तरी हरकत नाही.

४. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. नऊ आठवड्यांचे अठरा झाले तरी चालतील.

५. छातीत दाब किंवा जळजळ, जबडा-हात-पाठीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काही जाणवलं तर लगेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून दोन दिवस काढू नका.

ऑकलंडच्या टेकडीवर बॉवरमन यांच्यासाठी थांबलेल्या त्या आजोबांना कोणताही विक्रम करायचा नव्हता. ते नियमाने येत होते आणि गप्पा मारत, हळूहळू डोंगर चढत होते. तुम्हालाही सुरुवातीला एवढंच करायचं आहे. उद्या सकाळी वीस मिनिटं काढा, त्यातली बहुतेक चालण्यात गेली तरी चालेल. तपासणी राहिली असेल तर मात्र आधी ती करून घ्या.