बिनव्याजी पैसा आणि जामिनाचा प्रश्न : विद्यार्थी-कर्जाचा इतिहास

१/ भंडारा हा धानाचा जिल्हा. येथील शेतकरी कुटुंबांना 'शून्य टक्के' हे शब्द नवे नाहीत. ३ लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले, तर त्यावरील व्याजाचा भार केंद्र व राज्य शासन उचलते आणि कर्ज शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. राज्याच्या ज्या योजनेतून हे घडते तिला विदर्भपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. त्याच घरातील मुलगी मात्र नागपूरला किंवा पुण्याला शिकायला निघते, तेव्हा खोलीचे भाडे, खानावळ आणि पुस्तके यांसाठी तिला अशी बिनव्याजी उचल कोण देतो? या प्रश्नामागे जवळजवळ ३०० वर्षांचा इतिहास आहे.

२/ ब्रिटनमध्ये अशी सोय आहे. तेथील बँका विद्यापीठात प्रवेश घेतलेल्यांसाठी 'विद्यार्थी खाते' उघडतात आणि त्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यातील शिल्लक शून्यावर आल्यानंतरही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची मुभा. सामान्य खातेदाराकडून वापरलेल्या रकमेवर व्याज घेतले जाते. विद्यार्थ्याला मर्यादेच्या आत ते माफ असते. शिक्षण संपले की ही सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाते. बँक हा तोटा सोसते, कारण आजचा विद्यार्थी उद्याचा पगारदार खातेदार होईल, असा तिचा हिशेब असतो.

३/ या व्यवहाराचे मूळ स्कॉटलंडमध्ये सापडते. 'रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड' ही बँक १७२७ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने एडिंबरो येथील विल्यम हॉग या व्यापाऱ्याला खात्यातील शिलकीपेक्षा १००० पौंड अधिक काढण्याची परवानगी दिली. हॉगचा माल विकला जात होता, परंतु ग्राहकांकडून पैसे यायला वेळ लागत असे. मधल्या काळाची ही अडचण बँकेने भागवली. ओव्हरड्राफ्टचा हा पहिला नमुना मानला जातो. भारतीय व्यापारी ज्याला 'कॅश क्रेडिट' म्हणून ओळखतात, ती पद्धतही याच स्कॉटिश परंपरेतून आली.

४/ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन केले आहे. त्यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. अशी उचल हवी असणाऱ्याला दोन जामीनदार द्यावे लागत आणि त्यांची पत निर्विवाद असावी लागे, शिवाय त्यांच्याकडे चांगली स्थावर मालमत्ताही असावी लागे. म्हणजे उचल ज्याला हवी त्याची गरज ही एक गोष्ट होती. त्याच्यासाठी शब्द देणारे कोण आहेत, ही दुसरी. बँक दुसऱ्या गोष्टीकडे अधिक बारकाईने पाहत असे.

५/ विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कोणत्याही पैशाबाबत, त्यामुळे, दोन प्रश्न विचारावे लागतात. व्याज कोण सोसतो? आणि जामीन कोण राहतो? चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नाची होते. गरीब घरातून प्रथमच उच्चशिक्षणाकडे निघालेल्या विद्यार्थ्याला मात्र दुसरा प्रश्नच अडवतो. महाराष्ट्राच्या इतिहासात याची साक्ष जागोजागी मिळते.

६/ एकोणिसाव्या शतकात पुण्यासारख्या शहरांत शिकणारी गरीब मुले वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. काही माधुकरी मागत. या व्यवहारात व्याज नव्हते. पण ओळख लागे, आणि जातही लागे. ज्याला त्या घरांच्या ओसरीवर बसता येत नव्हते, त्याच्यासाठी ही सोय अस्तित्वातच नव्हती.

७/ १८९२ मध्ये जमशेटजी टाटा यांनी भारतीयांच्या उच्चशिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. त्यामागील कल्पना वेगळी होती. परदेशी जाणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला दान न देता परतफेडीचे कर्ज द्यावे. तो कमावता झाला की फेडेल आणि त्याच पैशातून पुढचा विद्यार्थी जाईल. या निधीच्या पहिल्या लाभार्थींमध्ये डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या. येथे विद्यार्थ्याची गुणवत्ता हीच त्याची पत मानली गेली.

८/ गुणवत्ता असूनही पत किती अवघड असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेवरून समजते. महाविद्यालयीन शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकला. सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. स्कॉटिश बँकेच्या दोन जामीनदारांची आठवण येथे होते. फरक इतकाच की केळुसकरांनी मालमत्ता नव्हे, आपला शब्द पणाला लावला होता.

९/ १९१३ मध्ये सयाजीरावांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, ३ वर्षांकरिता मंजूर केले. त्यासाठी भीमरावांनी ४ जून १९१३ रोजी करारावर सही केली. शिक्षण पूर्ण झाल्यावर १० वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, अशी त्यातील अट होती. या पैशावर व्याज नव्हते. परतफेड मात्र आयुष्यातील १० वर्षांनी करायची होती.

१०/ न्यूयॉर्कहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' आणि 'ग्रेज इन' या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव नोंदवले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. जहाजाने वेगळे पाठवलेले त्यांचे सामान महायुद्धात बुडाले होते. त्याची जी भरपाई मिळाली, तिच्या आधारे ते करार पाळण्यासाठी बडोद्याला पोहोचले.

११/ बडोद्यात त्यांना संस्थानच्या सेवेत अधिकारपद मिळाले. राहायला जागा मात्र मिळाली नाही. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकत. पारशी धर्मशाळेतून त्यांना जमावाने बाहेर काढले. कराराच्या एका बाजूने १० वर्षांची सेवा मागितली होती, आणि ती सेवा करू देण्यास समाज तयार नव्हता. कोणत्याही कर्जरोख्यात नसलेली ही अट होती आणि तिने करार मोडून टाकला.

१२/ अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा पैसा उभा करावा लागला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात प्राध्यापकी करून त्यांनी बचत केली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने ५००० रुपये उसने दिले. या तिन्ही वाटांनी जमवलेल्या पैशावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्यांतील एकही वाट बँकेच्या दारातून जात नव्हती.

१३/ लंडनमध्ये त्यांनी एम.एस्सी. आणि डी.एस्सी. या पदव्या मिळवल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९२३ मध्ये लंडनहूनच प्रसिद्ध झाला. भारताच्या चलनव्यवस्थेची चिकित्सा करणारा हा अर्थतज्ज्ञ त्याच वर्षी मुंबईला परतला, तेव्हा वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे त्याच्याजवळ नव्हते. पुन्हा भथेनाच धावून आले.

१४/ या अनुभवाचा पुढचा भाग धोरणात दिसतो. डॉ. आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केले. त्यात शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी होती. त्यातून वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. विद्यार्थ्यासाठी महाराजांकडे शब्द टाकणारा कोणी नसला तरी त्याला शिकता यावे, हे तत्त्व येथे सरकारने प्रथमच मान्य केले.

१५/ आता पुन्हा भंडाऱ्याकडे. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ द्विसदस्यीय होता. राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेबांची ही अखेरची निवडणूक ठरली.

१६/ अशोक मेहता पुढे १९६३ च्या अखेरीस नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. योगायोग असा की १९६३-६४ मध्येच केंद्र शासनाची 'राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना' सुरू झाली. हुशार पण गरजू विद्यार्थ्याला सरकारनेच बिनव्याजी कर्ज द्यावे, असे तिचे स्वरूप होते. कर्ज घेणारा पुढे शिक्षक झाला, तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. बडोद्याच्या करारातही १० वर्षांची सेवा होती, पण तेथे ती बंधन म्हणून होती. येथे सेवा करायची की पैसे फेडायचे, हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकत होता.

१७/ ही योजना अखेर तग धरू शकली नाही. वसुली अत्यंत कमी राहिली. नोकरी लागायला वेळ लागे, पत्ते बदलत, आणि छोट्या छोट्या रकमांचा माग काढणे सरकारी कचेऱ्यांना जमले नाही. टाटा निधीत फेडलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याकडे जात होता. येथे तो प्रवाह आटला. सोसणारा होता, परंतु परत मिळवणारी यंत्रणा नव्हती.

१८/ ही यंत्रणा बँकांकडे होती. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अग्रणी बँक योजना आली. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे सोपवण्यात आली. भंडाऱ्याची अग्रणी बँक 'बँक ऑफ इंडिया' आहे. शाखा तालुक्यांपर्यंत पोहोचल्या. शिक्षणासाठी एकसमान कर्ज योजना मात्र २००१ मध्ये 'इंडियन बँक्स असोसिएशन'ने तयार केली. त्यात देशातील शिक्षणासाठी साडेसात लाख आणि परदेशासाठी १५ लाख रुपयांची मर्यादा होती. ४ लाखांपर्यंत तारण नको; त्यापुढे जामीनदार किंवा तारण हवे.

१९/ त्यानंतर दोन्ही प्रश्नांची उत्तरे शासनाने आपल्याकडे घेतली, पण एकेक करून. २००९-१० पासून केंद्राच्या व्याज अनुदान योजनेने साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रम घेतलेल्या विद्यार्थ्यांचे शिक्षणकाळातील व्याज भरायला सुरुवात केली. २०१५ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी पतहमी निधी उभारण्यात आला. म्हणजे केळुसकरांच्या जागी आता शासन जामीन राहिले. २०२४ च्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेने निवडक संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्यांना तारण आणि जामीनदार या दोन्ही अटींतून मुक्त केले.

२०/ यात दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. 'अनुदान' असेल, तर व्याज शासन थेट बँकेला देते. 'परतावा' असेल, तर विद्यार्थ्याने ते आधी भरायचे आणि नंतर मागायचे. राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना दुसऱ्या प्रकारची आहे. कागदावर दोन्ही सारख्याच बिनव्याजी दिसतात. पण ज्या घरात धान विकल्यावरच पैसा हाती येतो, त्या घराला दरमहा आधी भरायचा हप्ता वेगळाच जाणवतो.

२१/ आणि मूळ ओव्हरड्राफ्टचे काय? भारतात त्याचे सर्वांत व्यापक रूप जनधन खात्यात आहे. २०१४ मध्ये त्याची मर्यादा ५००० रुपये होती. २०१८ मध्ये ती १०,००० झाली. परंतु ती सरसकट विद्यार्थ्यांसाठी नाही आणि बिनव्याजीही नाही. ब्रिटिश विद्यार्थी खात्याशी थेट जुळेल असे खाते भंडाऱ्यातील विद्यार्थ्याला मिळत नाही. शुल्कासाठी कर्ज आहे. मात्र महिन्याच्या २० तारखेला खानावळीचे पैसे संपले, तर ती किरकोळ उचल आजही मित्र, मामा किंवा दुकानदार यांच्याकडूनच होते. वार लावून जेवण्याच्या काळापासून ही एक बाजू फारशी बदललेली नाही.

२२/ बँकेच्या अर्जाचा नमुना त्यामुळे इतिहासाचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येतो. व्याजाचा दर पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो. सहकर्जदार, जामीनदार, तारण, अधिस्थगनाचा काळ म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत, आणि अनुदान की परतावा, हे पुढच्या पानांवर असते. १७२८ च्या एडिंबरोपासून १९१३ च्या बडोद्यापर्यंत खरा निर्णय या पुढच्या पानांवरच झाला आहे. भंडाऱ्यातील एखादी मुलगी आज कोणाच्याही शिफारशीवाचून स्वतःच्या नावाने अर्ज भरू शकते. एकेकाळी कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोहोचू शकणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा अधिकार नव्हता. तो अधिकार मिळवायला शंभर वर्षे लागली. सही करण्यापूर्वी ती सगळी पाने वाचायला एक संध्याकाळ पुरते.