केशवर्धक तेलांची बखर

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात अत्रिकुलातील अपाला नामक कन्येचे सात ऋचांचे एक सूक्त आहे. वाटेत सापडलेला सोम दातांनी ठेचून त्याचा रस तिने इंद्राला अर्पण केला, आणि तीन उजाड जागांवर अंकुर फुटावेत असा वर मागितला : पित्याचे मस्तक, पित्याचे शेत आणि तिचे स्वतःचे अंग. पुढील काळातील भाष्यकारांनी तिच्या त्वग्रोगाची आणि इंद्राने तिला रथाच्या छिद्रातून ओढून काढल्याची कथाच अधिक रंगविली, आणि त्या भरात बिचाऱ्या पित्याच्या टकलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. केस गेल्याविषयीची आपल्या वाङ्मयातील अगदी आरंभीची ही तक्रार टक्कल पडलेल्या गृहस्थाने केलेली नसून त्याच्या मुलीने देवाच्या दरबारी गुदरलेली आहे, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडापर्यंत येतो तो हाच अर्ज देवाकडून वनस्पतीकडे वळलेला दिसतो. तेथील दोन सूक्ते नितत्नी नावाच्या औषधीला उद्देशून असून, जमदग्नीने आपल्या मुलीचे केस वाढावेत म्हणून ती खणून काढली असे त्यांत सांगितले आहे.

केस का गळतात, गेलेले केस परत येतात काय, कशाने येतात, हे प्रश्न तेव्हापासून आजतागायत फारसे बदललेले नाहीत. बदलत गेला तो उत्तर देणारा माणूस आणि त्याला मिळणारा मोबदला. आणि या विषयाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो पुष्कळसा या मोबदल्याचाच इतिहास होईल.

देवानंतर उत्तर देण्याचा अधिकार वैद्याकडे आला. सुश्रुताने केलेली उपपत्ती आजही वाचनीय आहे : रोमकूपांत शिरलेले पित्त वायूच्या साह्याने केस पाडते, आणि मागाहून रक्तासह कफ येऊन ती कूपे बुजवून टाकतो, म्हणून तेथे दुसरे केस उगवत नाहीत. केस पडणे आणि पुन्हा न उगवणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, हा भेद ज्याने ओळखला त्याचे निरीक्षण सामान्य नव्हते. चरकाने विमानस्थानात मिठाच्या अतिरेकाला दोष दिला, आणि दुधाबरोबरसुद्धा मीठ खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंध व सौवीर या मुलखांतील लोकांचा दाखला देऊन, अति मीठ खाणाऱ्यांना अकाली टक्कल पडते व केस पिकतात, असे बजावले. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत विदेह नामक प्राचीन आचार्याचे असे मत उद्धृत केलेले आहे की, मासिक स्रावाने शरीरशुद्धी होत असल्यामुळे स्त्रियांना खालित्य होत नाही. यातील कारण चुकीचे आहे आणि निरीक्षणही अर्धेच खरे आहे. परंतु स्त्रीपुरुषांमधील या भेदाला काही शारीरिक कारण असले पाहिजे हा तर्क मात्र अचूक होता. उपचारांच्या बाबतीत हेच आचार्य इतके सावध राहिले नाहीत. व्रणावर पुन्हा केस यावेत म्हणून हस्तिदंताची मषी आणि रसांजन यांचा लेप सांगून झाल्यावर, या लेपाने तळहातावरदेखील केस उगवतात, असे सुश्रुतसंहिता सांगून जाते. पुढे जाहिरातदारांनी जे वाङ्मय निर्माण केले त्याचा पहिला नमुना तो हाच म्हणावा लागेल.

इतर देशांतही प्रकार असाच होता. इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमारास लिहिलेल्या मिसर देशातील एबर्स पपायरसात पाणघोडा, मगर, बोका, साप व रानबोकड यांची चरबी एकत्र करून डोक्यास चोळण्याची कृती आहे. ज्यूलियस सीझरला मिळालेल्या अनेक मानांपैकी सर्वकाळ पर्णमुकुट धारण करण्याचा मान त्याला विशेष प्रिय का होता, याचे कारण सुएटोनियस हा चरित्रकार जराही आढेवेढे न घेता सांगतो. परंतु या सर्व पसाऱ्यात एक लहानसे वाक्य खरे रत्नासारखे आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत म्हटले आहे की, षंढांना टक्कल पडत नाही. आणि ॲरिस्टॉटलनेही तेच नोंदविले. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाचे कारण डोक्यावर नसून अन्यत्र आहे, ही गुरुकिल्ली अशा रीतीने दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ सर्वांच्या समोर पडून होती. तिचा उपयोग कोणी केला नाही याचे कारण उघड आहे : तिच्यातून जो उपाय निघत होता तो कोणी गिऱ्हाईक पैसे देऊन विकत घेण्यासारखा नव्हता.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर उत्तरपेशवाईपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, पांढरपेशा पुरुषाला टकलाची चिंता करण्याचे विशेष प्रयोजनच नव्हते. कपाळापासून टाळूपर्यंत वस्तरा फिरलेला, मधोमध राखलेला घेरा, त्याची बांधलेली शेंडी आणि घराबाहेर पडताना वर पागोटे, अशा थाटाच्या मस्तकावर निसर्गाने किती केस नेले आणि न्हाव्याने किती, याचा हिशेब कोण ठेवणार? पुरुषाचे केस प्रथम कपाळाच्या दोन्ही कोनांतून आणि टाळूवरून जातात, आणि त्यांतील पहिला मुलूख रिवाजानेच आधी मोकळा करून ठेवलेला होता. शेंडी पातळ झाली तर वय झाले एवढेच समजत. इंग्रजी शाळांतून शिकून निघालेल्या पिढीने घेरा टाकून सबंध डोक्यावर आखूड केस राखावयास प्रारंभ केला, तेव्हा घरोघरी वडीलमंडळींशी धर्म बुडाल्याचे वाद झाले. त्या वादात एक लौकिक परिणाम कोणाच्याही ध्यानात आला नाही : केस राखण्याची रीत आली तिच्या पाठोपाठ ते गमावण्याची लाजही आली.

जुन्या व्यवस्थेत डोक्याचा कारभार ज्याच्याकडे होता तो न्हावी बलुतेदार होता. वर्षभराच्या हजामतीबद्दल सुगीला खळ्यावर ठरलेले धान्य त्याला मिळे. जळवा लावणे, गळू फोडणे असली लहानसहान शस्त्रक्रियाही तो करी. त्याचे उत्पन्न यजमानाच्या केसांच्या संख्येवर मुळीच अवलंबून नसल्यामुळे, केस वाढवून देतो असे आश्वासन देण्याचा मोह त्याला होण्याचे कारण नव्हते. बलुतेदारीचे दोष अनेक होते, पण जाहिरात हा त्यांतला नव्हे, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. केशवृद्धीशी न्हाव्याचा संबंध येई तो मुलाचे जावळ काढण्याच्या प्रसंगी. पहिले केस उतरविले म्हणजे पुढचे दाट येतात, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ आहे की, संस्कार म्हणून चौल न करणारी कुटुंबेही त्या लोभाने जावळ काढतात. वास्तविक उपजत केसाचे टोक निमुळते असते व कापलेल्याचे बोथट, त्यामुळे नवा केस हाताला राठ लागतो. शिवाय अर्भकाची मऊ लव वयानुसार आपोआप गळून जाऊन तेथे जाड केस येणारच असतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली मोजमापे प्रसिद्ध करून, वस्तऱ्याने केसांची जाडी वा वाढीचा वेग बदलत नाही, असे दाखवून दिले.

याच वस्तऱ्याची दुसरी हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्त्रीच्या लांब केसांना सौभाग्याचे लक्षण मानून त्यांच्यासाठी शिकेकाई, रिठे, आवळकाठी, जास्वंद, वाळा आणि गव्हला-कचोरा यांचा एवढा खटाटोप करणारा समाज, नवरा मरताच तेच केस न्हाव्याकडून उतरवून घेत असे, आणि त्यासाठी कोवळ्या वयाच्या मुलींनाही वगळत नसे. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली, आणि विधवांच्या मस्तकावर आपण वस्तरा धरणार नाही असा निर्धार त्या धंद्याच्या लोकांनी केला. लग्नकार्यातील मानपानासाठी भांडणाऱ्या शास्त्रीमंडळींना जे सुचले नाही ते आपली मिळकत सोडून ज्यांनी केले, त्यांचा उल्लेख सुधारणेच्या इतिहासात अजूनही ओझरताच येतो.

आता बाटलीकडे वळू. तेल घरी कढवावयाचे, ही रीत सर्वत्र होती. माक्याचा अंगरस, ब्राह्मी, जास्वंदीची फुले खोबरेल वा तिळाच्या तेलात घालून मंद विस्तवावर आटवीत, आणि तेलात भिजवून पेटविलेली वात तडतडेनाशी झाली म्हणजे पाण्याचा अंश गेला असे समजून भांडे उतरवीत. या घरगुती पदार्थाला सुगंध, रंग, चिठ्ठी आणि नाव देऊन त्याचा माल बनविण्यात बंगाल्यांनी आघाडी मारली. कविराज चंद्रकिशोर सेन यांचा कारखाना कलकत्त्यास 1878 साली निघाला, व त्याचे 'जबाकुसुम' तेल घरोघर गेले. त्यांच्या मागून आलेले हेमेंद्रमोहन बोस तर कल्पकतेत सर्वांवर ताण करणारे निघाले. आपल्या 'कुंतलीन' तेलाच्या नावाने त्यांनी 1896 पासून कथास्पर्धा सुरू केली. अट एवढीच की, कथेत कुंतलीन तेलाचा वा त्यांच्याच 'देलखोश' अत्तराचा उल्लेख यावा, पण जाहिरातीचा वास येऊ नये. पहिल्याच वर्षी नाव न घालता आलेली एक कथा पारितोषिकास पात्र ठरली. कलकत्त्यावर येऊ घातलेले तुफान एकाएकी कोठे नाहीसे झाले, या कोड्याचा उलगडा तीत असा केलेला होता की, आजारपणात केस गेलेल्या एका प्रवाशाने जहाजावरून आपली तेलाची बाटली खवळलेल्या समुद्रावर ओतली. हा लेखक म्हणजे शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू. पुढे कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'मंदिर' ही कथाही याच पारितोषिकाच्या निमित्ताने, त्यांच्या मामांच्या नावावर, प्रथम छापली गेली. केसांवर या तेलाचा उपयोग झाला असो वा नसो, बंगाली वाङ्मयावर झाला हे निर्विवाद आहे.

मुंबईने कथास्पर्धा भरविल्या नाहीत, पण मालात ती मागे राहिली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी मासिकांची पाने चाळताना अँग्लो-इंडियन ड्रग अँड केमिकल कंपनीच्या 'कामिनिया' तेलाची जाहिरात, आणि तिच्या शेजारी 'ऑटो दिलबहार', ही जोडी वाचकाला पुनःपुन्हा भेटते. रेल्वे आणि टपालाची व्ही. पी. (माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय) यांनी तालुक्याच्या गावातील मास्तरीणबाईंनाही या व्यापाराच्या पेठेत आणून बसविले.

ही तेले निव्वळ फसवणुकीवर चालली, असे मात्र मला म्हणवत नाही. त्यांच्या यशाचे खरे कारण केसांच्या स्वभावात आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर या गतीने वाढतो, मग दोनतीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा नित्याचा क्रम आहे. विषमज्वर, बाळंतपण वा मोठा शारीरिक आघात झाला म्हणजे पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि दोनतीन महिन्यांनी मुठीमुठीने हातात येऊ लागतात. मूळ कारण तोवर विसरले गेलेले असते. घाबरलेला मनुष्य त्या वेळी तेलाची बाटली आणतो. पुढील सहाआठ महिन्यांत केस आपल्या क्रमाने परत येतात, आणि प्रशस्तिपत्र कारखान्यास जाते. चाईचेही बहुधा असेच : तिचा वाटोळा डाग पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतो, आणि श्रेय गुंजेच्या लेपाला मिळते. जी केशहानी स्वतः बरी होते तिच्यावर या धंद्याने कीर्ती मिळविली, आणि जी कायमची असते तिच्या धन्यांना माल विकला.

त्या कायमच्या टकलाचे कोडे 1942 साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उलगडले, आणि तेही हिप्पोक्रेटिसच्याच वाटेने जाऊन. तारुण्यापूर्वी ज्यांचे वृषण गेले होते अशांना टक्कल पडत नाही. पण त्यांना पुरुषी अंतःस्राव टोचला, आणि घराण्यात टकलाचा वारसा असला, तर ते पडू लागते, असे त्याने दाखविले. 1974 साली डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून त्या अंतःस्रावाचे रूपांतर करणाऱ्या द्रव्याची कमतरता ध्यानात आली. तशी कमतरता असलेल्या तेथील पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली होती आणि त्यांना टक्कल पडले नव्हते. त्यावरून निघालेल्या फिनास्टेराइड या औषधाला अमेरिकेत 1992 साली प्रोस्टेटसाठी आणि 1997 साली टकलासाठी मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिल तर रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले, आणि त्यातून 1988 साली डोक्याला लावावयाचे औषध निघाले. दोन्ही थांबविली की काही महिन्यांत मूळ स्थिती येते, तेव्हा गिऱ्हाईक कायमचे बांधलेले राहते. या व्यापारात खरा गुण असलेला माल प्रथमच आला, तो असा.

आपल्या सरकारने दरम्यान जाहिरातींच्या या वाङ्मयावर लगाम घातला. 1945 च्या औषधविषयक नियमांच्या 'जे' परिशिष्टात, जे विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांत टक्कल आणि नव्या केसांची वाढ यांची गणना आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकावयाच्या तेलाला चकाकी, मऊपणा, पोषण असे शब्द मोकळे राहिले, आणि जाहिरातदारांनी त्यांतच आपला संसार थाटला. त्यांतील निदान एका शब्दाला आधार आहे. खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या मुंबईतील दोन संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून, न्हाण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसातील प्रथिनांचा नाश लक्षणीय प्रमाणात कमी करणारे एकटे खोबरेल आहे, असे प्रसिद्ध केले. संशोधकांचे अन्नदाते कोण हे लक्षात ठेवूनही त्यांचे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे : खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे तो केसाच्या काडीत शिरतो. त्यामुळे काडी कमी तुटते. मुळाशी त्याचा काही संबंध येत नाही.